वासाचा रकाना

समिधाने दिलेल्या कागदावर चार रकाने:
रंग, फेस, वास, चव.
मी ग्लास उचलायच्या आधीच
वासापुढे लिहून टाकलं, ‘आंबट, उग्र’,
आणि पेन तिथेच अडलं.
एकतीस वर्षं हेच दोन शब्द लिहीत आलो.
पंचनाम्यात वासाला तिसरा शब्द नसतो.

हिंगण्याच्या एमआयडीसीत
कूलरच्या ताट्यांचं हे जुनं गोदाम.
वाळा गेला, भिंतींना अजून वाळ्याचाच वास.
नवतपाचा चौथा दिवस.
पत्र्यावर कावळासुद्धा टेकत नाही
आणि ही गिऱ्हेपुंजेंची पोरगी सांगते,
‘बाकीच्या टाक्यांना थंड ठेवता ठेवता
विजेचं बिल पाहून रडू येते, काका.
हिचं तसं नाही.
हिचं खमीर बेल्जियमचं, पण त्याले गरमीच पाह्यजे.
बत्तीसच्या वर गेलं की खरं अंगात येते त्याच्या.’
मी म्हटलं, मागल्या जन्मी इतवारीत असंल.

टाकीवर खडूने लिहिलंय: हंगाम.
तिकडे म्हणे थंडीत करून ठेवायचे,
उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांसाठी.
आपली आंबीलच की, मी म्हणालो.
ती हसली. तिला हे कुणी आधीच सांगितलं असावं.

रंग: कडब्याच्या गंजीवर सकाळी सातचं ऊन.
जरा गढूळ.
(गढूळ दिसलं की हात आपोआप
लाख आणि दोरा शोधू लागतो.)
फेस पांढरा, हट्टी,
मिशीला धरून बसणारा.
मग घोट.
आधी मिरे. पाठोपाठ संत्रं,
म्हणजे फोड नव्हे, साल,
शाळेत एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो ते.
मग गोठा, ओलं गवत,
आणि अचानक सगळं कोरडं.
गोड म्हणून काही मागे राहतच नाही,
पाहुण्याने जाताना
दार ओढून घ्यावं तसं.

त्या बंद दाराशी लच्चूबाई सिडाम उभी होती.

रामटेकच्या पलीकडचा नाला, अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल.
नऊ मडकी, पाच दिवसांचा मोहाचा सडवा,
वर बुडबुडे,
कुणी झोपेत बोलावं तसे.
शिपाई काठी मारत पुढे पुढे गेला.
ती आडवी आली नाही.
पदर सारखा करून एवढंच म्हणाली,
‘चाखून त पाहा न सायेब. मंग फोडजा.’

मी घरी परवान्याची व्हिस्की पिणारा माणूस.
नाही चाखलं.
लिहिलं, आंबट, उग्र, जागेवर नष्ट केला,
आणि खाली तिचा अंगठा घेतला.
शाई जांभळी होती.
परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही,
बुटांना मात्र वास होता,
आणि तो वाईट नव्हता.
हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

समोरच्या भिंतीवर समिधाचा परवाना,
काचेत, हार घालून.
खाली माझ्याच खात्याचा शिक्का,
तीच जांभळी शाई.
सही लांजेवारची. पोरगा माझ्या हाताखाली शिकला.

‘सांगा न काका, कशी आहे?’
तोंडावर आलं होतं,
पुढल्या खेपेला मोहाची मूठभर फुलं टाकून पाहा.
गिळलं.
हे सुचवायचा हक्क असलेली बाई
वेगळी होती, आणि तिचा पत्ता
माझ्या फायलीत फक्त ‘नाल्याकाठी’ एवढाच आहे.

‘उग्र’ खोडलं. ‘आंबट’ राहू दिलं.
पुढे एक शब्द हवा होता, तो येईना.
समिधा टाकीपाशी वाट पाहत उभी,
तिच्या हातातला नळ ठिबकत होता.

नमुना अपुरा आहे, मी म्हणालो,
आणखी थोडी दे.